एल्टनच्या बोटीवरची ताडपत्री

"वा!" हा शब्द माझ्या नवऱ्याच्या तोंडून सहजासहजी निघत नाही. मी ड्यूटीवरून येऊन, पायातले बूट न काढता केलेल्या कोंबडीच्या रश्शाला निघत नाही. नवीन ड्रेसला निघत नाही. आणि त्या शुक्रवारी तो निघाला कशाला? तर सिमोनाने मारलेल्या एका गाठीला!

साधी गाठ हो. बोट ट्रेलरवरून घसरू नये म्हणून कड्यात दोर ओवून मारतात ती. आमच्या बंदरावर शेंबडं पोरसुद्धा डोळे मिटून मारतं. सिमोनाने ती मारली, दोन पावलं मागे सरून गॉगल कपाळावर चढवला, आणि रेमंड म्हणाला, "वा! हे कुठे शिकलीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गाठीवरून ही बाई पेटली.

ही २००४ सालची गोष्ट. मी हिल्डा, कतारला दोह्यात नर्स. रेमंड एका कंत्राटदाराच्या ऑफिसात अकाउंट्स बघायचा. आम्ही आणि आमची मुलगी स्टेफी अल मन्सूराच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. सिमोना आणि तिचा नवरा एल्टन वक्राच्या रस्त्याला व्हिलांच्या कंपाउंडमध्ये. एल्टन समुद्रातल्या रिगवर कामाला, महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. चौघंही वसईचे. आता वसईचे म्हटलं की इथल्या लोकांना सगळे सारखेच. पण आम्हाला विचारा! चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, ते देऊळ एक, बिशप एक, मिस्सा एक. तरी वाडीवाले वेगळे आणि बंदरावरचे वेगळे. रेमंड वाडीवाला. केळी, नागवेल, मोगरा. एल्टन आणि सिमोनाही वाडीतलेच. मी पाचूबंदरची. माझा बापूस कोळी, त्याची स्वतःची होडी.

लग्न आम्ही आमच्या मनाने केलं. तेव्हा रेमंडची आई रडली होती. दोह्यात आल्यावर पहिल्याच पार्टीत कोणीतरी विचारलं, "वहिनी कुठल्या?" तर रेमंड म्हणाला, "वसईच्याच," आणि भलताच विषय काढला. घरी आल्यावर मला समजावलं, "अगं, इथलं बोललेलं उद्या तिकडे वाडीत पोचतं. आईला उगाच त्रास होतो. तू वसईची म्हटलं की झालं ना?" आईसाठी म्हणतोय म्हणून मी गप्प बसले. इतकी वर्षं मी नुसती वसईची होते. घरात सुकट भाजायची तर आधी खिडक्या बंद. पार्टीत कोणी होडीचा, जाळ्याचा विषय काढला तर मी किचनमध्ये बर्फ आणायला.

आणि ही सिमोना! हिच्या सात पिढ्यांनी विहिरीपलीकडचं पाणी बघितलं नाही. ती हाफ पँट घालून बोटीवर उभी राहते आणि माझा नवरा तिला "वा" म्हणतो. माझ्यात जे झाकायचं, तेच तिच्यात मिरवायचं! मग माणूस पेटणार नाही तर काय होणार?

बोट एल्टनची. फायबरची, लहानशी, मागे इंजिन. ट्रेलरवर ठेवून गाडीला जोडायची आणि समुद्रावर न्यायची. दोह्यात मजेच्या बोटींचा मोसम थंडीत. उन्हाळा चढला की ऊन भाजून काढतं आणि ऑगस्टची हवा अशी घामट होते की बाहेर पाऊल टाकल्याबरोबर चष्म्यावर धुकं. तेव्हा लोक बोटी घरी आणून बांधून ठेवतात, ते थंडीपर्यंत. आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर काढतात ना, तसंच. फक्त इथे पाऊस नाही.

त्या वर्षी एल्टन लांबलचक रजा घेऊन रिगवरून परस्पर वसईला जाणार होता आणि सिमोनाही सुट्टीला निघाली होती. बोट बांधायला मदत कर म्हणून तिने रेमंडला सांगितलं. हा लगेच तयार! दोह्यात सुट्टी शुक्रवारची, मिस्साही तेव्हाच; ती झाली की आम्हाला घरी सोडायचा आणि वक्राच्या रस्त्याला लागायचा. संध्याकाळी यायचा तो ग्रीसने माखलेला आणि तोंडाने एकच जप.

"सिमोना म्हणते, इंजिनात गोडं पाणी फिरवायलाच हवं. मीठ आतून खातं त्याला."

"सिमोना म्हणते, पेट्रोलची टाकी भरून ठेवायची. रिकामी ठेवली की आत दव धरतं."

"सिमोना म्हणते, ट्रेलरची चाकं उचलून ठोकळ्यांवर ठेवायची, नाहीतर टायर बसतात."

शेवटी स्टेफी ताटावरून मान वर करून म्हणाली, "डॅडा, सिमोना आंटी अगेन?" मला पोरीचा मुका घ्यावासा वाटला.

तर ती गाठ बघायला मिळाली ती मी हट्टाने बरोबर गेले त्या शुक्रवारी. सिमोनाने मला बघितलं आणि प्रेमाने म्हणाली, "अगं हिल्डा, तू कशाला उन्हात? हे बोटीचं काम फार घाणेरडं असतं. आत एसीत बस, ज्यूस घे." मी! मी आत बसायचं! आणि मी बसले, कारण बोलणार काय? काचेतून बघत बसले. ती सांगत होती, तो मान डोलवत होता. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना रबरी कप लावून त्यांना नळी जोडली होती, पाणी फिरत होतं, आणि रेमंडचा चेहरा बघाल तर जत्रेला आलेल्या पोराचा.

मला तसलं काही वाटलं नव्हतं बरं का. म्हणजे ते दोघं तसले. सिमोना सरळ बाई आहे आणि रेमंडमध्ये तेवढी हिंमत नाही. पण नवऱ्याने दुसऱ्या बाईचा हात धरला असता ना, तर मी दोघांना झोडपलं असतं आणि मोकळी झाले असते. हे दुखणं त्याहून वाईट. ती जे करत होती ते माझं होतं, आणि ते माझं आहे असं म्हणायची मला चोरी.

काम जवळजवळ झालं होतं. वर घालायची ताडपत्री तेवढी राहिली होती, आणि सिमोनाचं विमान मंगळवारचं. तिने रेमंडला नीट समजावलं, ते मी दारात उभी राहून ऐकलं. ट्रेलरचं तोंड उचलून बोट मागे कलती ठेवायची. तळाचं बूच काढून ठेवायचं. गाद्या घरात न्यायच्या. मधे काठ्या उभ्या करून ताडपत्री तंबूसारखी टाकायची आणि बाजू मोकळ्या सोडायच्या. "एल्टनने दहादा बजावलंय," ती म्हणाली, "वारा खेळला पाहिजे. त्याच्या लाकडाला काही झालं तर तो मला घटस्फोट देईल." कारण बोटीतली जमीन आणि दोन बाकं एल्टनने स्वतःच्या हाताने केलेली. सुट्टीचा अख्खा महिना घालवून, पॉलिश मारमारून. एल्टनचा जीव त्या लाकडात.

पुढच्या शुक्रवारी चावी घेऊन आम्ही दोघं गेलो. स्टेफीला वसईला पाठवलं होतं, आणि मला हॉस्पिटलने रजा नाकारली होती, तेव्हा उन्हाळाभर आम्ही दोघंच. रेमंडने काठ्या उभ्या केल्या, वर ताडपत्री टाकली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि सगळं त्याच्या डोक्यावर. परत उभं केलं, परत डोक्यावर. आतून हात मारतोय, बाहेर यायला वाट सापडत नाही. मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"हसतेस काय? तुला येतं का?" तो आतूनच ओरडला.

"हो बाजूला."

आणि मग मी ती ताडपत्री घेतली. इतक्या वर्षांत दोराला हात लावला नव्हता. पण हाताला कोणी विसरायला सांगितलं नव्हतं ना! एक टोक ट्रेलरला, वरून फेक, खालून ओढ, पायाने दाब, गाठ. दुसरं टोक. रेमंड बघतच राहिला. मी चौथी गाठ मारली आणि तो म्हणाला, "वा!"

आता कसं? मला म्हणाला! मला!

मग काय विचारता. मी बोलत सुटले आणि तो ऐकत सुटला. मे महिन्यात ओंडक्यांवरून होड्या कशा वर ओढतात, अख्खी आळी कशी दोराला लागते, वर माडाच्या झावळ्यांचे झाप कसे घालतात. आणि झाप पडेपर्यंत उन्हाने फळ्या सुकून उघडू नयेत म्हणून आत ओली गोणपाटं कशी अंथरतात. ते काम आम्हा पोरींचं. बायकांनी होडीत पाय ठेवायचा नाही, तेव्हा आम्ही काठावरूनच बादल्या ओतायच्या. बापूस ओरडायचा, "भिजव, भिजव, फळी हसता कामा नये!" फळी हसणं म्हणजे दोन फळ्यांमधे फट पडणं.

बोलता बोलता माझी नजर एल्टनच्या लाकडावर गेली. उन्हाने पांढुरकं पडलेलं. एका बाकाला बारीक केसाएवढी चीर.

"हे तडकणार," मी म्हटलं. "ऊन बघितलंस? तीन महिन्यांत याच्या चिरफळ्या होतील. याला ओलं ठेवायला पाहिजे."

"पण सिमोना म्हणाली, वारा..."

बस. एवढंच त्याने म्हणायला नको होतं.

"सिमोनाला काय कळतं? केळीला पाणी लावायची अक्कल वेगळी आणि होडीची वेगळी! तिच्या आज्याने होडी बघितली होती का?"

रेमंड दोन पावलं मागे सरला. माझा आवाज चढला की तो सरतोच. मी गाडीतून बासमतीच्या रिकाम्या गोण्या काढल्या, पाण्यात भिजवल्या आणि बोटीत अंथरल्या, बाकांवरसुद्धा. पाणी वाहून जाऊ नये म्हणून तळाचं बूच घट्ट लावलं. गाद्या राहिल्या आतच, त्यांच्याकडे लक्ष कोणाचं होतं? आणि ताडपत्री चारी बाजूंनी खाली ओढून ट्रेलरच्या पोटाखाली अशी बांधली की उंदीर आत शिरायला बघेल तर नाक आपटून मागे फिरेल. काठ्या दिल्या फेकून.

त्यानंतरचा उन्हाळा, काय सांगू तुम्हाला. दर शुक्रवारी मिस्सा झाली की आम्ही दोघं कंपाउंडवर. मी एक बाजू सोडायची, बादलीने पाणी मारायचं, परत बांधायचं. रेमंड थर्मासमधून चहा आणायचा आणि भिंतीच्या सावलीत बसून माझ्याकडे बघायचा. लग्नाआधी हॉस्पिटलात अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर खाटेवरून बघायचा ना, अगदी तसा. "ती दाखव गं गाठ परत," म्हणायचा. एक शिकलासुद्धा. आणि मग घरी जाताना विचारायचा, "मग त्या वादळात बाबा परत कसे आले?" मी सांगायची. मला सिमोनाची आठवणही व्हायची नाही. झाली तरी कीव यायची. बिचारी, इतकी हाफ पँट घालून तिला एक गाठ येते!

ऑगस्टमध्ये ताडपत्रीची बाजू उचलली की आतून उबट वास यायला लागला. रेमंडने नाक मुरडलं. "अरे, होडीला वास येणारच," मी म्हटलं. "तू वाडीवाला, तुला काय ठाऊक?" त्याने मान डोलवली.

सप्टेंबरच्या शेवटी एल्टन आणि सिमोना परत आले आणि त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आधी बोट उघडायची, मग जेवण. मी निळा ड्रेस घातला. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघत होते. मनात सगळं रंगवून ठेवलं होतं. एल्टन ती ताडपत्री बघेल, विचारेल कोणी बांधली, आणि रेमंड चार माणसांत म्हणेल, माझ्या बायकोने. ती पाचूबंदरची आहे. बस, मला एवढंच ऐकायचं होतं. त्याच्यानंतर मी जन्मभर कोणाचा हेवा केला नसता.

आणि एल्टनने विचारलंही! खाली वाकून ट्रेलरच्या पोटाखालच्या गाठी बघितल्या आणि म्हणाला, "अरे, या कोणी मारल्या? रिगवरसुद्धा अशा मारणारा कोणी नाही!"

मी रेमंडकडे बघितलं. रेमंडने माझ्याकडे बघितलं. मग चपलेने वाळू उकरत म्हणाला, "झाल्या आपल्या. बांधल्या कशातरी."

झाल्या आपल्या! मला वाटलं, ह्या माणसाला इथल्या इथे त्याच दोराने बांधावं. पण तेवढ्यात एल्टनने ताडपत्री ओढली.

वासाने चौघंही मागे सरलो. गोणपाटांवर पांढरी बुरशी, दाढीसारखी वाढलेली. बाकं काळी पडलेली. गाद्यांवर हिरवे काळे डाग. एल्टनने गोणपाट उचललं तर खालच्या प्लायवूडचे थर सुटून वर आले होते, फुगलेले, मऊ. स्टिअरिंगशेजारची बटणं हिरवी पडली होती, स्टिअरिंगला गंज. त्याने वाकून तळाचं बूच काढलं तर भळाभळा काळं पाणी.

एल्टन पुढे झाला. आपल्या त्या बाकावर हात ठेवून नुसता उभा राहिला. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

बोलली सिमोना. "रेमंड! मी काय सांगून गेले होते? वारा! बाजू मोकळ्या! आणि ही ओली पोती कोणी घातली?"

"मी," रेमंड म्हणाला. "माझंच चुकलं. मला वाटलं, लाकूड सुकेल."

मला क्षणभर गहिवरून आलं. माझ्यासाठी अंगावर घेतोय. आणि दुसऱ्याच क्षणी लख्ख कळलं. गाठींची शाबासकी मिळत होती तेव्हा याने माझं नाव घेतलं नाही. आता शिव्या मिळतायत तेव्हाही घेत नाही. याला मला वाचवायचं नाही, झाकायचंय. गाढव ठरला तरी चालेल, पण बायको बंदरावरची आहे हे एल्टनला कळता कामा नये.

"याने नाही," मी म्हटलं. माझा आवाज कंपाउंडच्या गेटपर्यंत गेला असेल. "याला शर्टाची घडी घालता येत नाही, हा काय बोट बांधणार? मी बांधली. गाठी माझ्या, गोणपाटं माझी, बूचही मीच लावलं. मी पाचूबंदरची आहे. माझ्या बापसाची होडी आहे आणि ती आम्ही अशीच ठेवतो."

"हिल्डा..." रेमंड म्हणाला.

"गप रे तू."

सिमोना माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता नाक मुरडेल. ती म्हणाली, "तू बंदरावरची? आणि मी तुला आत ज्यूस प्यायला बसवत होते? अगं बाई, मग बोलली का नाहीस? मला इथे एक गाठ शिकवायला माणूस नाही!" आणि मग बोटीकडे बघून तिला परत राग आला. "पण हे काय करून ठेवलंस गं!"

"तुमची होडी लाकडाची ना?" एल्टनने विचारलं. ताडपत्री ओढल्यापासून पहिल्यांदाच बोलला.

"लाकडाची."

"लाकडाची होडी उन्हात फाटते, तिला पाणी लागतं. ही फायबरची. हिच्यातून पाणी बाहेरच जात नाही. वरून इथली ऑगस्टची हवा, आणि तू कोंडून ठेवलीस." त्याने उसासा टाकला. "चुकीचं काहीच केलं नाहीस. बोट चुकीची होती."

हे असं बोलल्यावर माणसाने काय करायचं? मी सांगितलं, पुढच्या शुक्रवारपासून मी येणार, बुरशी घासून काढणार आणि नवी जमीन बसेपर्यंत हाताखाली राबणार. एल्टन म्हणाला, ये. जेवण झालं. मला चव लागली नाही.

परतीच्या वाटेवर रेमंडने गाडीतला एसी वाढवला. मग म्हणाला, "मी घेतलं होतं ना अंगावर? काय गरज होती सांगायची?"

"बोटीचं सांगायची का बंदराचं सांगायची?"

सिग्नल लाल होता. तो हिरवा झाला, आम्ही निघालो, पुढचा सिग्नल आला.

"बंदराचं," तो म्हणाला. निदान खरं बोलला. "एल्टनची आई आणि आपली आई रोज एकत्र मिस्सेला जातात. आज रात्रीच फोन जाईल."

"आणि उन्हाळाभर माझ्याकडे बघत बसायचास ते? वा, वा करायचास ते?"

"ते आपल्या आपल्यात होतं ना, हिल्डा."

आपल्या आपल्यात! भिंतीआड, कोणी बघत नव्हतं म्हणून! मला सिमोनाचा परत असा काही हेवा वाटला की बस. तिला एकच गाठ येते, पण ती उघड्यावर मारते.

"फोन जाईल म्हणतोस ना?" मी पर्समधून मोबाइल काढला. "मग मीच लावते."

"अगं, आईला उगाच कशाला..."

तोपर्यंत तिकडे रिंग गेली होती. सासूबाईंचा आवाज असा आहे की वसईहून त्या फोनशिवाय बोलल्या तरी दोह्यात ऐकू येईल. रेमंडला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"आई, मी हिल्डा. एल्टनची फायबरची बोट माझ्या हातून नासली. तुमच्या कानावर येईलच, म्हणून आधी मीच सांगते. मी आमच्या बंदरावरच्या पद्धतीने पाणी मारून बांधली आणि सगळी बुरशी धरली. आणि मी बंदरावरची आहे ते मी त्यांना सांगितलं."

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "कुठली आहेस म्हणून सांगणार होतीस?"

मी रेमंडकडे बघितलं.

"आणि अगो बाय, फायबरच्या होडीला पाणी मारतात होय? बापसाला विचारायचं नाही? परवाच तर येऊन गेला. बोंबील घेऊन."

बाबा वाडीत बोंबील पोचवतात हे मला ठाऊक होतं. पण मी धरून चालले होते की मागच्या दाराने देत असतील आणि उभ्या उभ्या परत फिरत असतील.

"बाबा... आत येतात?"

"आत येतात म्हणजे? ओटीवर बसतात, माझ्या हातचा चहा पितात, तासभर गप्पा हाणतात. तुझ्या लग्नात मी रडले होते, ते खरं. त्याला किती वर्षं झाली? मी काय अजून तिथेच बसले आहे? आणि त्या रेमंडला सांग, तुझा बापूस दर वेळी विचारतो, जावई कधी फोन का करत नाही. मला मेलीला काय उत्तर द्यावं ते कळत नाही."

फोन ठेवला. रेमंडचे कान लाल झाले होते. आईसाठी, आईसाठी म्हणून मी इतकी वर्षं खिडक्या लावून सुकट भाजली, आणि तिकडे आई माझ्या बापसाला चहा पाजत होती.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

त्याने घेतली. मी बाबांचा नंबर लावला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "विचार. फायबरची बोट कशी ठेवायची ते विचार."

"मी काय बोलू? इतक्या वर्षांनी?"

"हॅलो म्हण."

"हॅलो," तो म्हणाला. खाकरला. "मी... बाबा, मी रेमंड."

तिकडून काय आलं ते मला नीट ऐकू येईना, माझ्या बापसाचा आवाज सासूबाईंसारखा नाही. रेमंड आधी नुसता हं हं करत होता, पाठ ताठ करून, साहेबाशी बोलावं तसा. मग विचारायला लागला. "बूच काढूनच ठेवायचं? ... काठी मधोमध? ... हो, हो, इथे दव फार... गोणपाटं? हो, तिनेच घातली!" आणि हसला. तिकडे बाबाही हसत असणार, कारण रेमंड परत हसला. मग सीट मागे सरकवून आरामात बसला. बाबांनी होडीला फायबर मारून घ्यायचं ठरवलंय ते त्याला कळलं. किती थर, कुठला माल, कोण मारतो. वाऱ्याचं, पाण्याचं, मुलगी असल्यामुळे ज्यातलं मला कधी कोणी अक्षर सांगितलं नाही, ज्या होडीत मला एक पाऊल ठेवू दिलं नाही, ते सगळं माझा बापूस या वाडीवाल्याला धडाधड सांगत होता. माझी चौकशीसुद्धा नाही!

"मला दे," मी हात पुढे केला.

रेमंडने फोन दुसऱ्या कानाला नेला आणि मला तळवा दाखवला. "थांब गं जरा, बाबा सांगतायत."

माझाच बाप, आणि मीच थांबायचं!